घुबडाची पावलं

ऑरिन टेस्डाल वर्गात बसलेला असायचा आणि त्याची गैरहजेरी लागायची. तो "आहे" म्हणायचा, पण ते पुढच्या बाकापर्यंतही पोचायचं नाही. चार वर्षं आम्ही एकाच कॉलेजात होतो. त्याचा चेहरा कसा होता, हे आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना सांगता येणार नाही. आणि याच ऑरिनवर सगळं एल्डर फोर्ड गाव जीव टाकत होतं. फक्त ते त्यांना ठाऊक नव्हतं.

आमच्या कॉलेजचं घुबड म्हणजे तो.

आयोवातल्या या गावात कॉलेज आहे, धान्याची कोठारं आहेत आणि एक ओढा. बास्केटबॉलचा सामना असला की न्हाव्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळे कॉलेजच्या हॉलमध्ये. आधी दिवे मंद होतात. मग सगळे मिळून दोनदा घुमतात. हू... हू. खोल, लांब. आणि घुबड, आमच्या कॉलेजचं चिन्ह, नाचत येतं. तपकिरी पिसांचा अंगभर पोशाख, पिंपाएवढं डोकं, पिवळे काचेचे डोळे, नारिंगी पावलं. लहान मुलं त्याच्या पायांना मिठ्या मारतात.

घुबड बोलत नाही. आत कोण आहे हे कोणी विचारत नाही, आणि ज्याला कळेल तो गप्प बसतो. आतल्याला एकदाच उघड होता येतं, पदवीदानाच्या दिवशी. इतरांसारखाच काळा झगा घालून तो रांगेत येतो, पण पायांत घुबडाची पावलं असतात. नाव पुकारतात, तो मंचावर चढतो, आणि लोकांना कळतं. मग ते दोनदा घुमणं त्याच्या एकट्यासाठी.

मला आधीच कळलं. ऑरिनला अंगठ्याच्या मागच्या बाजूने मान खाजवायची सवय होती. घुबडालाही होती.

"काल डोकं फार खाजत होतं का रे?" मी एकदा मेसमध्ये विचारलं.

तो सँडविच चावत राहिला. "कोणाचं?"

"तुझं. मोठं डोकं."

"टिली, तू पुस्तकं जरा कमी वाच." पण त्याचे कान लाल झाले होते. थोड्या वेळाने म्हणाला, "आईलासुद्धा सांगितलं नाहीये. तिला वाटतं मला इथे कोणी नाही. दर रविवारी फोनवर विचारते, कोणाबरोबर जेवलास? मी नावं बनवून सांगतो. मे महिन्यात तिला पहिल्या रांगेत बसवणार आहे. मग बघेल ती."

"काय बघेल?"

"की मी होतो इथे."

तेव्हापासून प्रत्येक सामन्यात घुबड एकदा वर प्रेक्षकांत यायचं, माझ्या शेजारी बसायचं आणि माझ्या डाव्या खांद्यावर पंख ठेवायचं. "घ्या, आले जावईबापू," माझी खोलीतली मैत्रीण जॉस म्हणायची.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी शेवटचा सामना होता. त्या दुपारी ऑरिन घरी जेवायला गेला होता. त्याचं घर तीन गावं पलीकडे. संध्याकाळी दिवे मंद झाले, आम्ही घुमलो, पण घुबड आलं नाही. आम्ही पुन्हा घुमलो. मग ते मागच्या दाराने आलं.

ते नाचलं नाही. एक छोटी मुलगी धावत गेली, तिने पायाला मिठी मारली आणि लगेच सोडली. "आई, ते गार आहे," ती म्हणाली. लोक हसले.

घुबड वर आलं, माझ्या शेजारी बसलं. पंख खांद्यावर आला तो ओला होता. कोटातून पाणी आत झिरपलं. चिखलाचा वास येत होता, तळातल्या चिखलाचा.

"बर्फात लोळलास की काय?" मी हळूच विचारलं.

त्याने मान वळवली. काचेच्या डोळ्यांत हॉलचे सगळे दिवे होते. बोलायचं नाही हा नियमच होता, म्हणून मला काही वाटलं नाही.

आम्ही जिंकलो. घुबड मैदानाच्या मध्यभागी उभं राहिलं आणि एकेका रांगेकडे बघत राहिलं. सगळ्या रांगा बघून झाल्यावर गेलं.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा बातमी आली. ऑरिनची गाडी दुपारीच पुलावरून ओढ्यात गेली होती. बर्फ फोडून ती बाहेर काढली तेव्हा अजून उजेड होता. सामना सुरू व्हायचा होता.

व्हर्ला होक्स्ट्रा आमच्या चिअर पथकाच्या शिक्षिका. आत कोण, हे अधिकाराने माहीत असणाऱ्या त्या एकट्याच. दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठलं.

"काल आत कोण होतं?"

"मला वाटलं ऑरिन आहे," त्या म्हणाल्या. "दुसरा पोशाख नाहीच, टिली. एकच आहे. तो त्याच्या गाडीच्या डिकीत असायचा."

त्या आठवड्यात मुलांनी ऑरिनसाठी मेणबत्त्या लावल्या. थोडेच जण आले. काय बोलावं कोणालाच सुचेना, कारण कोणी त्याला ओळखतच नव्हतं. मग कोणीतरी म्हणालं, घुबडाला बोलवू, जरा धीर येईल. फलकावर चिठ्ठी लावली. आम्ही थंडीत वाट बघत उभे राहिलो.

"एवढंही जमलं नाही त्याला?" एक मुलगा म्हणाला. "नाचायला बरा येतो."

"एक पोरगा गेलाय आणि हा मस्त झोपला असेल."

मी ऐकत उभी होते. मेण हातावर सांडलं तरी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा व्हर्लांकडे गेले.

"आता सांगून टाकू या."

"आणि मग? पहिला प्रश्न काय येईल? शनिवारी कोण आलं होतं? त्यानंतर ऑरिन उरणार नाही, भूत उरेल. पोरं टी-शर्ट छापतील."

"आणि नाही सांगितलं तर काय उरेल?"

"नियम आहे, टिली," त्या म्हणाल्या.

एप्रिलमध्ये ऑरिनच्या आईचा फोन आला. मातीला कॉलेजातून मी एकटीच गेले होते, तेव्हा त्यांनी माझा नंबर घेतला होता. गाडीतलं सामान बघायला ये म्हणाल्या. ग्रेटा टेस्डाल शाळेच्या स्वयंपाकघरात काम करतात. बुटक्या, मनगटं जाड. मागच्या पडवीत दोरीवर घुबडाचा पोशाख टांगला होता. खाली घमेलं. थेंब पडत होते.

"वाळतच नाही बघ," त्या म्हणाल्या. "शेगडीपाशी टांगला, उन्हात टांगला. काय आहे हे? गाडी काढणाऱ्या शेरीफला विचारलं, तर त्यानं टोपी काढली आणि खाली बघत उभा राहिला. बोलेच ना."

शेरीफ आमच्याच कॉलेजात शिकलेला, नियम त्यालाही ठाऊक होता.

त्यांनी कॉफी ओतली, भाजलेल्या हॅमचा तुकडा माझ्यापुढे सरकवला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तो कोणाबरोबर जेवायचा गं? जी नावं सांगायचा, त्यातलं कोणीच आलं नाही मातीला."

मी नियम मोडला. सगळं सांगितलं. नारिंगी पावलांचं, पहिल्या रांगेचं. शेवटी त्या शनिवारचंही सांगितलं. वाटलं, आता त्या मला घराबाहेर काढतील.

त्यांनी पायाने घमेलं थेंबांखाली नीट सरकवलं.

"म्हणजे पोचला होता," त्या म्हणाल्या. "उशीर झाला की फार लागायचं त्याला."

मग उठून त्यांनी पावलं दोरीवरून उतरवली आणि पिळली. "कॉलेजनं बोलावलंय मला. त्याची पदवी घ्यायला."

मे महिन्यात हिरवळीवर मंच घातला होता. कडक ऊन. "ऑरिन टेस्डाल," डीननी पुकारलं, आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. ग्रेटा चढल्या. चर्चला जाताना घालायचा निळा झगा, आणि खाली ती पावलं. त्यांना फार मोठी होती. फळ्यांवर फटक फटक वाजत होती. त्या आवाजाने माना वर आल्या.

आधी लोकांना कळलं की घुबड ऑरिन होता. मग दुसरी गोष्ट कळू लागली. मी ती चेहऱ्याचेहऱ्यावर बघितली. तो कधी गेला ते सगळ्यांना माहीत होतं. त्या संध्याकाळी सगळे हॉलमध्ये होते. मेणबत्त्यांच्या दिवशी बोललेला तो मुलगा हातात टोपी घेऊन उभा होता, बसायचं विसरला होता.

"टिली," जॉसने माझं मनगट धरलं. "त्या शनिवारी... ते तुझ्या शेजारी..."

"हो."

कोणी घुमेना. ग्रेटा मंचावर पदवी धरून उभ्या होत्या. त्यांना सांगितलं होतं मी, की आता आवाज येईल. त्या वाट बघत होत्या. मी तोंड उघडलं.

शिक्षकांच्या रांगेत खुर्ची सरकली. व्हर्ला होक्स्ट्रा उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चिरका आहे, पण त्या घुमल्या. एकदा. मग दुसऱ्यांदा त्यांच्याबरोबर शेरीफ. मग सगळी हिरवळ. इतकं खोल, की खुर्चीच्या पत्र्यातून ते माझ्या पाठीत शिरलं. ग्रेटांनी मान वळवून एकेका रांगेकडे बघितलं. सगळ्या रांगा बघून झाल्यावरच खाली उतरल्या.

नंतर त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि पावलं काढली. डाव्या पावलात मी हात घातला. आतलं कापड कोरडं, कडकडीत होतं.

"सकाळी घातली तेव्हा ओली होती," ग्रेटा म्हणाल्या. त्यांनी ती मांडीवर ठेवून पुसली. "कुठे द्यायची असतात ही? पुढच्या पोराला लागतील."