डोमाजी मेश्राम, बंडीकडे या

माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. आवाज कुठून येतोय, कुठल्या तारेत शिरतोय, कुठे गळतोय... हेच माझं काम. एकदा एका घरी "फोनमध्ये मेलेली सासू बोलते" म्हणून अख्खा मोहल्ला गोळा झाला होता. मी जाऊन जॉइंट उघडला, तर शेजारच्या लाइनची तार चिकटलेली. सासू नव्हती, शेजारीण होती, आणि ती भाजीवाल्याशी भांडत होती! तेव्हा कुणी माझ्यापुढे भूत-प्रेत काढलं की मी तोंडावर हसते. घरही आमचं बौद्ध, अंगारे-धुपारे उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून "बाई साधीभोळी दिसते" असं कुणी म्हणू नये.

माझी मराठी मध्य प्रदेशातल्या बालाघाटची आहे. मध्ये हिंदी डोकावली तर सांभाळून घ्या.

मागच्या मे महिन्यात माझ्या चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. माझा मुलगा निखिल, सून श्वेता आणि तीन वर्षांची नात चिऊ नागपूरहून आले होते. लग्नाला निघालो तेव्हा गाडीत निखिल श्वेताला सांगत होता की पूर्वी मोठ्या शहरांत ड्राइव्ह-इन थिएटर असायची. आपापल्या कारमध्ये बसून मोठ्या पडद्यावर सिनेमा बघायचा, आता सगळी बंद झाली, प्लॉट पडले. त्याचा सूर असा, की आपण बिचारे लहान गावचे, आपल्या नशिबी ते कुठलं!

मी म्हटलं, "काहून रे? आमच्याकडे होतंच की ड्राइव्ह-इन. फक्त गाड्यांना बैल होते."

दोघं हसले. पण खरंच होतं. गोंदिया रोडला, जिथे तेव्हा शहर संपायचं, तिथे धान निघालं की उघड्यावरची टाकी लागायची. टाकी म्हणजे टॉकीज. दोन बल्ल्यांना, म्हणजे लाकडी खांबांना, ताणलेला पडदा, मागे मशीनचा तंबू, आणि धडधडणारा जनरेटर. आजूबाजूच्या टोल्या-वस्त्यांवरून लोक बंड्या जुंपून यायचे... बंडी म्हणजे बैलगाडी, आमच्याकडे तोच शब्द. आमचं गाव पिपरटोला, तासाभराची वाट. बंड्या मैदानाच्या मागच्या टोकाला उभ्या करायच्या, बैल सोडून चाकाला बांधायचे, आणि मोठी माणसं पुढे पोती टाकून बसायची. आम्हा पोरांना मात्र बंडीतच तणसावर गोधडी घालून झोपवून टाकायचे. पोरं झोपली तर सिनेमा बघायला मिळणार, असा सगळ्या आयांचा हिशेब.

बंड्यांवर लक्ष ठेवायला टाकीचा एक माणूस असायचा. कुणाचं पोर जागं होऊन रडायला लागलं की तो तंबूत जाऊन सांगायचा, आणि मग भोंग्यावरून गुलाबभाऊंचा आवाज यायचा. गुलाबभाऊ टाकीचे मॅनेजर, तिकीटवाले, सगळंच. सिनेमाचा आवाज जरा खाली व्हायचा आणि ते नाकातून बोलायचे, "पिपरटोल्याचे डोमाजी मेश्राम... तुमचं लेकरू जागं झालं... बंडीकडे या." नाव नेहमी बंडीवाल्याचं घ्यायचे, आईचं नाही, पोराचं तर नाहीच. डोमाजी म्हणजे माझे बाबा. लेकरू म्हणजे मी.

मी अशी रडकी होते की दर सिनेमाला बाबांचं नाव पुकारलं जायचं. ते यायचे, मला खांद्यावर टाकायचे आणि बंडीला टेकून लांबूनच पडदा बघत उभे राहायचे. मी कुरकुरले की पडद्याकडे पाठ करून फेऱ्या मारायचे. त्या माणसानं एकाही सिनेमाचा शेवट धड पाहिला नाही. परतताना माय त्यांना बंडीत शेवट सांगायची आणि ते "असं व्हय!" म्हणून ऐकायचे. बाबांना जाऊन आता खूप वर्षं झाली. गुलाबभाऊ त्यांच्याही आधी गेले. ती टाकी माझ्या शाळेच्या दिवसांतच उठली होती.

तर... लग्नाचा लॉन बघून मी गाडीतच म्हटलं, अरे, हेच ते मैदान! आता कंपाउंड, लोखंडी कमान, प्लास्टिकची हिरवळ. पडदा होता त्या बाजूला स्टेज, आणि बंड्या उभ्या राहायच्या तिथे, मागच्या टोकाला, पार्किंग. मला छान वाटलं, अजून काही नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण लोक म्हणतात तुमच्या मनात तेच घोळत असेल. घोळत नव्हतं. माझं लक्ष साडीच्या निऱ्यांकडे होतं.

निखिलनं मला आणि श्वेताला कमानीपाशी उतरवलं. श्वेताच्या दोन्ही हातांत आहेराच्या पिशव्या. चिऊ मागच्या सीटवर ओढणी पांघरून झोपलेली. श्वेताला वाटलं, निखिल गाडी लावून तिला उचलून आणेल. निखिलचा फोन चालू होता, त्याला वाटलं श्वेतानं तिला उतरवून घेतलं. गाडीत चिडीचूप, मागे वळून बघायचं कुणाला सुचलं नाही. आणि मी? मी लग्नघरची बाई. आमच्याकडे लग्नात लेकरू दिसलं नाही तर कुणी घाबरत नाही. ते कुणाच्या तरी कडेवर असतंच. मामीकडून आत्याकडे, आत्याकडून न ओळखणाऱ्या बाईकडे, आणि जेवणाच्या वेळी तोंडाला गुलाबजामचा पाक लागून परत येतं. म्हणून मीही विचारलं नाही.

बुद्धवंदना झाली, वर-वधूंनी हार घातले, आणि जेवणं सुरू झाली. भर दुपार. कूलरसमोर बसूनही पदर ओला होत होता. डीजेवर गाणी चालू होती, अशी की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे. माझ्या हातात पुरीचा घास होता.

आणि गाणं खाली गेलं.

बंद नाही झालं, खाली गेलं. वर नाकातला एक आवाज आला... "पिपरटोल्याचे डोमाजी मेश्राम."

माझा हात तिथेच थांबला. पहिला विचार आला तो रागाचा. कुणी चेष्टा केली? पण कोण करणार? त्या मांडवात बाबांचं नाव माहीत असलेलं माझ्याशिवाय कोण होतं? बहिणीचीसुद्धा बाबांची आठवण "मोठे बाबा" एवढीच.

"तुमचं लेकरू जागं झालं. बंडीकडे या."

भीती वगैरे नंतर. आधी छातीत एकच धडकलं... लेकरू. मी ताट खाली ठेवलं की टाकलं, आठवत नाही. श्वेता दोन खुर्च्या सोडून बसली होती.

"श्वेता, चिऊ कुठं हाय?"

"निखिलकडे आहे ना, आई."

निखिल पाण्याच्या टाकीपाशी पाहुण्यांशी बोलत उभा. मी तिथूनच ओरडले, "निखिल! चिऊ?"

त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग श्वेताच्या रिकाम्या मांडीकडे. त्याचा चेहरा कसा झाला ते मी लिहू शकत नाही. "मम्मी... वो तो श्वेता के पास..." एवढंच म्हणाला आणि पळत सुटला.

गाडी उन्हात होती. काचा बंद. हँडल इतकं तापलेलं की निखिलच्या बोटांना चटका बसला. चिऊ सीटवरून खाली, पायाशी घसरलेली. अंग लालबुंद, ओठ कोरडे, केस डोक्याला चिकटलेले. रडत नव्हती. रडायची ताकदच राहिली नव्हती तिच्यात. तोंड उघडायची, आणि आवाज नाही. श्वेतानं जी किंकाळी मारली ती अजून माझ्या कानात आहे.

तिला सावलीत आणली, पाण्यानं पुसत पुसत दवाखान्यात नेली. सलाइन लागलं. संध्याकाळी तिनं "आजी, पानी" म्हटलं आणि मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला धरून रडले. डॉक्टर एवढंच म्हणाले की वेळेत आणलंत, अजून थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. चिऊ आता ठणठणीत आहे. हे आधी सांगते, कारण वाचणाऱ्याच्या जिवाला घोर लागतो.

मग माझ्यातली एक्स्चेंजवाली जागी झाली. दुसऱ्याच दिवशी मी लॉनवर गेले. डीजेवाला मुलगा सामान भरत होता. विचारलं, काल जेवणाच्या वेळी माइकवर कोण बोललं?

"कोई नहीं, आंटी. वंदना के बाद माइक मैंने खुद पेटी में डाल दिया था. गाना पेन ड्राइव से चल रहा था."

"बीच में आवाज कम की थी?"

"नहीं तो. बल्कि लोग बोल रहे थे और बढ़ाओ."

मी तारा बघितल्या. अँप्लिफायर बघितला. आजूबाजूला कुठला भोंगा आहे का, दुसरा लॉन आहे का, ज्याचा वायरलेस माइक यात शिरेल, तेही फिरून बघितलं. काही नाही. आणि शिरला असता तरी त्या माइकवर माझ्या बाबांचं नाव कोण घेणार होतं? निखिल-श्वेताला विचारलं, तुम्ही ऐकलं? दोघंही म्हणाले, गाणं चालू होतं, तू एकदम ताट टाकून उठलीस. श्वेता म्हणते, "आई, तुमच्या मनानंच हेरलं." म्हणू दे. मीसुद्धा हळूहळू तेच म्हणायला लागले होते. चिऊ दिसत नाही हे मनाला कळलं असेल, आणि मनानं जुना आवाज उचलला असेल... पटण्यासारखं आहे. मी स्वतः दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं.

मग लग्नाचा व्हिडिओ आला.

कॅमेरेवाला नेमका जेवणाच्या पंगतीवरून कॅमेरा फिरवत होता. गाणं सलग चालू आहे. कुठेही खाली जात नाही, कुणीही बोलत नाही. मी पुरी तोंडाकडे नेते आणि थांबते. ठीक. पण माझ्या मागे, लांबच्या रांगेत, एक धोतरवाले आजोबा त्याच वेळी मान वर करतात. डावीकडे एक म्हातारी घास घेता घेता थांबते. अजून एक जण वळतो. सगळी म्हातारी माणसं, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला... पार्किंगकडे. तरुण पोरं खाताहेत, हसताहेत, कुणाला पत्ता नाही. आणि नऊवारीतली एक बाई खुर्चीच्या हाताला धरून अर्धी उठते, क्षणभर तशीच राहते आणि पुन्हा बसते.

मी व्हिडिओ थांबवला, मागे नेला आणि पुन्हा बघितला.

ती बाई वराच्या नात्यातली, आता लामता गावी राहणारी निघाली. बहिणीकडून पत्ता घेऊन मी तिच्याकडे गेले. मनाशी ठरवलं होतं, आपण एक अक्षर सांगायचं नाही. ना नाव, ना गाव, ना चिऊचं. फक्त विचारलं, "आजी, लग्नात जेवता जेवता तुम्ही एकदम उठल्या होत्या. काहून?"

ती माझ्याकडे बघून हसली. तोंडात दोनच दात. "अव, गाणं खाली गेलं ना, भोंग्यावर लेकराचं सांगाले. मले वाटलं माहंच जागं झालं."

"तुमचं?"

"माहा पोरगा. आता तर तो रिटायर झाला, मलाजखंडले रायते." तिला स्वतःच्या बोलण्याचं हसू आलं. "पण उठल्या जाते ना, बाई. टाकीत नाव आयकू येईपर्यंत सबन मायाच उठत होत्या. मंग दुसऱ्याचं नाव घेतलं, म्या बसली."

मी विचारलं, "कोणाचं नाव घेतलं?"

"पिपरटोल्याच्या डोमाजीचं."

तुमच्यापैकी कुणी तारा-लहरी समजावणार असाल तर त्या मला तुमच्यापेक्षा जास्त कळतात. म्हातारीनं माझ्यापुढे पाण्याचा गिलास सरकवला. मग काहीतरी राहून गेल्यासारखं तिनं काळजीनं विचारलं,

"गेला ना व डोमाजी बंडीकडं? बहू वेळ झाला होता."

मी म्हणाले, "हौ आजी. गेले."