भालूला अजून वास येऊन ऱ्हायला

बुधवाऱ्यातल्या आमच्या गल्लीचा कचरा रोज सकाळी गाडी येऊन घेऊन जाते. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते साचतच जातात. दुपारी चार बायका ओट्यावर बसल्या की एकीनं किस्सा काढायचा, दुसरीनं त्याला तिखटमीठ लावायचं, आणि चहा होईपर्यंत मूळ किस्सा कोणाचा होता तेच कळेनासं होतं. हे भालूचे किस्से मात्र माझे आहेत. दुसऱ्या कोणी आपल्या नावावर सांगितले तर विश्वास ठेवू नका.

भालू म्हणजे आमच्या हॉलमधला गालिचा. मुलानं इंदूरहून ऑनलाइन पाठवला. पांढरट रंग आणि केस इतके लांब की पाय ठेवला की पायाची बोटं दिसेनाशी होतात. शेजारची पिंकी तेव्हा नुकती लग्न होऊन आली होती. दारातूनच म्हणाली, "आंटी, भालू पाळलाय काय?" झालं, बारसं झालं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. त्या मोठ्या साथीत मला ताप आला होता. ताप गेला, पण जाताना नाकातला वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत. अजून यायचाय. फोडणी, अगरबत्ती, गटार, मला सगळं सारखंच. मी सवय करून घेतली होती आणि तसं माझं बरं चाललं होतं.

*

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी आमचे हे उरलेल्या मसाला दुधाचा तांब्या घेऊन टीव्हीसमोर बसले आणि तांब्या भालूवर आडवा झाला. यांनी वरवर ओला फडका फिरवला, त्या जागेवर टीपॉय सरकवला आणि मॅच बघत बसले. मला एका शब्दानं सांगितलं नाही.

मग सगळे पाहुणे विचित्र वागायला लागले. खुर्चीच्या कडेवर बसायचं, चहा घाईनं संपवायचा, पदर नाकाशी धरायचा. मी विचारायची, "सर्दी झाली का?" प्रत्येक जण म्हणायचा, "हो ना." मी एकेकाला आल्याचा काढा करून पाजला. बिचाऱ्यांनी प्यायलाही.

शेवटी पिंकीनं तोंड उघडलं. "आंटी, बुरा मत मानना, पण इथं काही मेलंय काय?"

मी यांच्याकडे बघितलं. हे पेपरात शिरले आणि आतूनच म्हणाले, "तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

वाईट तर वाटलंच, पण दुधाचं नाही. माझं घर कसं आहे ते सगळ्या गल्लीला कळतं आणि मला एकटीला कळत नाही, याची मला भीतीच बसली. मी लोकांना ओट्यावरूनच चहा देऊन वाटेला लावायला लागले. संक्रांतीचं हळदीकुंकू दर वर्षी माझ्याकडे असतं, सगळी गल्ली येते. या वर्षी करायचं नाही, असं मी यांना सांगून टाकलं.

*

समोर कमलताई राहते. माझ्याहून मोठी. यजमान गेले, दोन्ही मुलं सुरतेला, घरात एकटीच. बोलणं असं फटकळ की समोरच्यानं आधी बसून घ्यावं. ती रोज दुपारी माझ्याकडे यायची आणि भालूवरच पाय पसरून बसायची.

मी तिला म्हटलं, "कमलताई, बाकीच्यांचं सोड. तूसुद्धा बोलली नाहीस? तुला वास आला नाही?"

तिनं आधी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. हे तिच्या बाबतीत नवलच होतं. मग म्हणाली, "आला ना वो. बोलली नाही, चुकलं माझं. आता मी सांगीन तुले. दर रविवारी येईन, वास घेईन, जे असंन ते तोंडावर सांगीन. पण हळदीकुंकू बंद नको करू."

पुढच्या रविवारी ती खरंच आली. भालूवर पालथी पडली, केसांत नाक खुपसलं, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि म्हणाली, "येऊन ऱ्हायला."

मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. माझ्याशी कोणीतरी खरं बोललं होतं.

*

पिंकीनं मोबाइलवर ढीगभर व्हिडिओ बघितले आणि निकाल दिला, "आंटी, पहिले खाण्याचा सोडा." आम्ही चाळणीनं सोडा पसरला, बोटांनी केसांच्या मुळाशी घातला आणि सकाळपर्यंत तसाच ठेवला. घालायला सोपं होतं. काढायला गेलो तर झाडूला दाद देईना, आणि व्हॅक्यूम क्लीनर तर आमच्या गल्लीत कोणाकडेच नाही.

मागच्या घरात रुखसाना आपा राहतात. त्यांच्या घरचे पॉवरलूम आहेत. त्या म्हणाल्या, "अरे, हमारे पास ब्लोअर है ना. लूम पे की रुई उससेच तो उड़ाते." आम्ही भालूला उचलून त्यांच्या कारखान्यात नेलं. सुट्टी होती, लूम बंद होते. आपांनी बटण दाबलं.

सोडा निघाला. एकदम सगळा निघाला. कोणाला कोणी दिसेना. धुरळा खाली बसला तेव्हा सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. आपांनी केसांवरून हात फिरवला, हाताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कल ही मेहंदी लगाई थी मैंने."

कमलताई तिथंच वाकली. "येऊन ऱ्हायला," म्हणाली.

*

मग व्हिनेगर. पाणी आणि व्हिनेगर निम्मं निम्मं करून मी भालूवर फवारलं, जास्त ओला न करता फडक्यानं टिपून घेतलं, पंखा लावला. मला काहीच कळत नव्हतं, त्यामुळे मी मजेत होते. हे मात्र दोन दिवस ओट्यावर जेवले. म्हणाले, "चाउमीनच्या गाडीखाली संसार मांडल्यासारखं वाटून ऱ्हायलं."

*

शेवटी ठरलं, धुवायचाच. माझे धाकटे दीर बहादरपूरला असतात, केळीचा मळा आहे, मोटारीचं पाणी आहे. आम्ही भालूची गुंडाळी केली, वर पांढरी चादर लपेटली, दोरीनं बांधलं आणि लोडर रिक्षात आडवा ठेवला. हे त्याला धरून मागे बसले. रविवारची झोप गेली म्हणून चेहरा पडलेला. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, मला मागचं काही दिसत नव्हतं.

चौकातला किराणावाला दुकानातून उठून उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. यांना वाटलं नमस्कार करतोय. यांनीही मान खाली घालून हात जोडले.

मळ्यात भालू रिठ्याच्या पाण्यानं हलक्या हातानं धुतला, भरपूर पाणी सोडलं, मोठ्या दातांच्या फणीनं केस विंचरले. भिजलेला भालू उचलायला माझे दीर, हे आणि दोन गडी लागले. केळीला टेकू लावायचे बांबू बांधून त्यावर टाकला, म्हणजे खालून पण हवा लागेल. आत ओल राहिली तर आणखी वेगळाच वास धरतो, असं पिंकीचा मोबाइल म्हणत होता. दिवसभर ऊन दिलं आणि संध्याकाळी घरी आलो.

हातपाय धुते तोवर दार वाजलं. उघडलं तर मागच्या गल्लीतल्या दोघी जणी, चेहरे उतरलेले, डोक्यावर पदर. मला बघितलं आणि एक जण पायरीवर मटकन बसली.

"वहिनी, तुम्ही?" दुसरी म्हणाली. त्या यांचं सांत्वन करायला आल्या होत्या.

भालू पसरायला आलेली पिंकी आतून बाहेर आली. "आंटी बिलकुल ठीक आहे," ती म्हणाली. "भालू गेला होता, तो पण परत आला."

*

त्या धुण्यानंतर पिंकी म्हणाली, वास गेला. आपा म्हणाल्या, "कसम से, कुछ नहीं आता." कमलताई पालथी पडली आणि म्हणाली, "थोडा येऊन ऱ्हायला."

मी कमलताईचं ऐकलं. बाकीच्या माझं मन राखतात, ती नाही राखणार. मग दर रविवारी तेच. पुन्हा सोडा, पुन्हा गच्चीवर ऊन, पुन्हा फणी. काम आत होतं म्हणून बायका आत यायला लागल्या. काम झालं की पोहे व्हायचे. पोह्यात हिंग जास्त पडला तर पिंकी तिथल्या तिथं सांगायची. मी कधी हसायला लागले, ते माझं मलाही कळलं नाही.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी कमलताई भालूवर बराच वेळ पडून राहिली. उठली, साडी झटकली. "गेला," म्हणाली.

हळदीकुंकू झालं. हॉल भरला, ओटा भरला, भालूवर तर बसायला जागा नव्हती, आणि कोणालाच सर्दी झालेली नव्हती. यजमान गेल्यापासून कमलताई असल्या कार्यक्रमाला येत नसे. मी समोर जाऊन तिला हाताला धरून आणलं आणि पहिलं वाण तिला दिलं. ती फटकन काही बोलेल असं वाटलं होतं. तिनं वाण नुसतं पदराखाली घेतलं. या बाईचे उपकार कसे फेडायचे, असं मला त्या दिवशी फार वाटलं.

*

आता शेवटचा. पुढच्याच आठवड्यात दुपारी मी कमलताईकडे बसले होते. तिनं मागच्या स्वयंपाकघरात चहाचं दूध ठेवलं आणि पुढच्या खोलीत आम्ही गप्पांना लागलो. मुलांचे विषय निघाले, दोघींचं लक्ष नव्हतं.

पिंकी नाकाला ओढणी लावून धावतच आत शिरली आणि थेट मागे गेली. आम्ही तिच्या पाठोपाठ. स्वयंपाकघरात धूर भरलेला, दुधाचं पातेलं काळंठिक्कर. पिंकीनं गॅस बंद केला.

"पूरी गल्ली में बास आ रही है," ती म्हणाली. "तुम्हा दोघींना इथं बसून नाही आला?"

माझं ठीक होतं. माझं नाक सगळ्यांना माहीत आहे.

कमलताईनं पातेलं मोरीत ठेवलं आणि नळ सोडला. "सर्दी झाली मले," ती पाठमोरीच म्हणाली.

त्या साथीत तिलाही ताप आला होता, ते मला तिथं उभं राहून आठवलं. मी म्हटलं, "हो, हवाच तशी आहे." आणि घरी आले.

रविवारी मी सोडा, चाळणी आणि फणी घेतली, पिंकीला बरोबर घेतलं आणि कमलताईचं दार वाजवलं. ती दारात आली.

"कमलताई," मी म्हटलं, "तुझ्या गादीला वास येऊन ऱ्हायला."

पिंकी काहीतरी बोलणार होती, मी तिचा पाय दाबला. कमलताईनं माझ्या हातातल्या चाळणीकडे बघितलं. मग दारातून बाजूला झाली.

"मलेही वाटलंच," ती म्हणाली. "कालपासून येऊन ऱ्हायला. या, आत या."