खोपीतली टू-स्ट्रोक

निष्ठेने जपलेली वस्तू कधी मरत नाही. हे वाक्य माझ्या काकांचं. ते एका पतपेढीचे अध्यक्ष होते आणि भाषणाची सवय त्यांना अजून सुटलेली नाही. या वेळचं व्यासपीठ म्हणजे वसईजवळच्या होळी गावातल्या आमच्या वाडीतली खोप. श्रोते मी, चुलतभाऊ आणि दोन कोंबड्या. काकांचा हात जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलच्या टाकीवर होता. एके काळी त्यांनी तिच्यावरून सोनचाफ्याच्या करंड्या स्टेशनला नेल्या. नंतर बरीच वर्षं ती हललेली नव्हती.

चुलतभावाला खोप पाडून तिथे कार उभी करायची होती. तडजोड अशी ठरली होती, की पिस्टन हलला तर गाडी राहील, नाहीतर संध्याकाळी भंगारवाला येईल. निकाल मी द्यायचा, कारण बोळिंजच्या फ्लॅटमध्ये बसून मी या विषयावरचे बरेच व्हिडिओ पाहिले होते. आमच्या घरात तज्ज्ञ व्हायला एवढं पुरतं.

जानेवारीतली सकाळ, हवेत चांगलाच गारठा. मी किक हाताने दाबली. ती भिंतीत चिणल्यासारखी होती. प्लग खोलून भोकातून टॉर्च मारला, तर पिस्टनवर जाड पांढरा थर.

"ओल शिरलीय," मी गंभीरपणे म्हणालो. "ॲल्युमिनियमला बुरा चढलाय. जाम आहे."

"पप्पा, डॉक्टर म्हणतायत नातेवाइकांना कळवा," चुलतभाऊ म्हणाला आणि त्याने भंगारवाल्याला फोन लावला.

"दरवर्षी काळजी घेतलीय मी तिची," काका म्हणाले.

"म्हणजे काय करायचात?" मी विचारलं.

त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. "ते माझं मी बघायचो," म्हणाले आणि घरापुढच्या ओट्यावर जाऊन बसले. पुढचं भाषण झालं नाही. हे काकांच्या बाबतीत चिंताजनक होतं.

गाडी आम्ही भंगारवाल्यासाठी अंगणात उन्हात आणून ठेवली होती. दुपारी राहवेना म्हणून मी पुन्हा टॉर्च घेतला. पांढरा थर नव्हता. पिस्टन काळाभोर, तुकतुकीत. धातूला चढलेला बुरा जेवणाच्या वेळात उतरतो, असं कुठल्याही व्हिडिओत नव्हतं. खराट्याची काडी आत घालून बाहेर काढली. ती ओली होती. वास घेतला आणि मला शाळेत जातानाचा माझा चपचपीत भांग आठवला.

"काका, यात काय ओतलंत?"

काकांनी पुन्हा स्वयंपाकघराकडे पाहिलं.

मी किकवर पाय ठेवून जोर दिला. ती आधी जड, मग सावकाश, मग एकदम खाली गेली. भोकाशी वाकून बघणाऱ्या चुलतभावाच्या तोंडावर आणि शर्टावर तेलाची पिचकारी उडाली. तो ओरडला. मी आणखी किका मारल्या, आणखी तेल आलं. मग भोकावर अंगठा दाबून किक मारली, तर आतल्या हवेने तो फट्‌दिशी उडवला. इंजिन ठणठणीत होतं. सकाळी पिस्टनवर आणि खालच्या कप्प्यात साचलेलं तेल थंडीने गोठलं होतं, एवढंच.

काका ओट्यावरून उठले. "मी काय म्हणत होतो? निष्ठेने जपलेली..."

ओरडणं ऐकून काकू बाहेर आली होती. तिने लेकाच्या गालावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. वाडीच्या नारळांचं तेल घाण्यावरून आलं की वर्ष संपायच्या आत डबा रिकामा कसा होतो, हे तिला कधीच कळलं नव्हतं. घाणेवाला मापात मारतो या संशयावरून तिने आजवर दोन घाणे बदलले होते.

"किती घालायचात?" तिने विचारलं.

"थोडंच," काका म्हणाले. "तांब्याभर."

भंगारवाल्याला परत पाठवलं. गाडी खोपीत आहे. तेलाचा डबा कुलपात असतो.