गौरीचा रस्ता आणि वैशाली मॅडम

शाळेतल्या मावशींचा फोन आला तेव्हा मी गौरीच्या वेण्या घालत होते. "वैशाली मॅडम गेल्या हो..." त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. माझे हात लेकीच्या केसांतच थांबले. खरं सांगते, रडू नंतर आलं, आधी भीती वाटली. आता हिला रस्ता कोण शिकवणार?

गौरी चौदा वर्षांची. समज मात्र चिमुरडीची. गारखेड्यातल्या तिच्या विशेष शाळेत मॅडमनी मोबाईलवर रस्त्याचा धडा बसवला होता. मोबाईल डोळ्यांसमोर धरला की पडद्यावर शाळेचंच मैदान दिसायचं, पण त्यातून रिक्षा, टँकर धावत यायचे. पहिल्याच दिवशी टँकर अंगावर आलेला पाहून गौरी किंचाळत माझ्या कुशीत शिरली. मी म्हटलं, "मॅडम, बास करा. माझी पोरगी घरातच बरी."

मॅडम तिच्याशेजारी मातीत बसल्या. "ताई, हा टँकर खोटाय, म्हणून इथं चुकलं तरी चालतं. भीती मला पण लई वाटते. पण तिला जन्मभर कोंडून ठेवायची त्याहून जास्त वाटते."

मग रोज तेच. थांब, इकडं बघ, तिकडं बघ, चल.

गेल्या हिवाळ्यात मी भाजी निवडत होते. वळून पाहते तर गौरी नाही! रस्त्याकडं धावले. तेवढ्यात ट्रकचा ब्रेक करकचला आणि मी डोळेच मिटले... उघडले तेव्हा गौरी कडेलाच उभी होती. मोबाईल धरल्यासारखा हात डोळ्यांसमोर. "थांब," ती स्वतःलाच बजावत होती.

मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. पलीकडून हुंदका ऐकू आला.

"रडताय का मॅडम?"

"व्हय. खऱ्या रस्त्यावर जमंल का नाय, मलाच खात्री नव्हती."

त्यांना जाऊन आता महिना होईल. रस्त्याच्या धड्यात मुलांच्या मागून चालताना त्या हात पाठीशी बांधायच्या. मला ती त्यांची ऐट वाटायची. एकदा मागून पाहिलं, तर बोटं एकमेकांत रुतून पांढरी पडलेली. पोराला धरायला हात पुढं जाऊ नयेत म्हणून...

परवा गौरी एकटी रस्ता ओलांडायला निघाली. उजवीकडून बस आली. ती थांबली. मी तिच्या मागं उभी होते आणि माझे हात पाठीशी होते. ते कधी बांधले गेले, मला कळलंही नव्हतं.