वडाखालची ऐसपैस जागा

मागच्या हिवाळ्यात कारने भीमाशंकर अभयारण्याच्या मुरबाडकडच्या पायथ्याला जाताना मी एका एसटीला मागे टाकलं होतं. एवढ्या आडरानात भरलेली एसटी नेमकी जाते कुठे, हे कुतूहल वर्षभर राहिलं. म्हणून या रविवारी कार घरी ठेवली आणि त्याच एसटीत बसले.

कल्याणहून पहिली गाडी, मुरबाडला बदल. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे शंभराची नोट मोडून सुट्टे परत आले. धसईला गाडी थांबली तेव्हा चहा आणि कांदाभजी झाली. तिथेच साठीच्या यमुनाबाई शेजारी येऊन बसल्या, गिरणीत भात भरडून केलेल्या तांदळाच्या दोन लहान गोण्यांसकट.

पुढचं तिकीट देताना कंडक्टर म्हणाले, "मॅडम, आज फाट्यापर्यंतच हां. रविवार हाय."

"आणि पुढे?"

"पुढं पाय!"

फाट्यावर सगळे उतरले. वर गाव तीन किलोमीटर. यमुनाबाईंनी एक गोणी डोक्यावर घेतली, दुसरी मी खांद्यावर. त्या एका गुडघ्याने लंगडत होत्या.

"रविवारी गाडी वर का नाही येत?"

"यष्टी वलवाची कुठं गो? वडाखालच्या जागंत रविवारी फिराया येनारे मोटारी लावतात."

"मग दुसऱ्या दिवशी जायचं गिरणीत."

"बाकी दिवस मजुरी कोन करंल?"

वाटेत त्यांनी उंच झाडावरचं शेकरूचं घरटं दाखवलं. कारमधून मला ते दिसलंच नव्हतं. आम्ही तीनदा थांबलो, दोनदा माझ्यासाठी.

वडाखाली अकरा गाड्या उभ्या होत्या. गळ्यात दुर्बीण अडकवलेल्या एका तरुणाला विचारलं, गाडी इथे का लावली? तो मजेत म्हणाला, "ब्लॉगवर वाचलं ना! गावात शिरताच वडाखाली ऐसपैस जागा, फुकट पार्किंग."

वाक्य माझंच होतं. मागच्या वर्षी कारमधून उतरल्या उतरल्या माझ्या ब्लॉगवर लिहिलेलं, उंटावरून शेळ्या हाकणारं.

मी यमुनाबाईंना सांगून टाकलं. त्यांनी गोणी घराच्या ओट्यावर टेकवली, मला नीट न्याहाळलं.

"तू लिवलंस?"

"हो."

"मंग आता तूच लिव, ती जागा यष्टीची हाय." आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जंगल दुपारपर्यंत पायी फिरले. परतीची गाडी चारला, तीही फाट्यावरूनच, तेव्हा गावातून तीनलाच निघा.

घरी आल्यावर आधी जुन्या लेखातलं ते वाक्य काढलं आणि हे लिहायला बसले. गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. रविवारी फाट्यावरच थांबणारी एसटी कुठली ते धसईच्या स्टँडवर विचारा, कुणीही सांगेल. कारनेच जायचं असेल तर ती धसईलाच ठेवा आणि पुढे एसटीने जा. रविवारी फाट्यापासून चाला, शेकरू दिसेल.

पण माझं ते वाक्य तीन जणांनी आपापल्या ब्लॉगवर जसंच्या तसं उचललंय. ते मला खोडता येत नाही. ते काढत नाहीत तोवर यमुनाबाई रविवारी फाट्यावरच उतरणार.