जांभळ्या रेघा

उटण्याची पुडी सोडली की त्या वासाबरोबर मला आईच्या छातीवरच्या जांभळ्या रेघा आठवतात. कॅन्सर फुफ्फुसांत पसरला होता आणि दम कमी लागावा म्हणून तिला रेडिएशन चालू होतं. इंदूरमध्ये सगळे त्याला सिकाईच म्हणतात. मशीन नेमकं कुठे लावायचं, त्याच्या त्या खुणा होत्या. "इन्हें धोना मत," असं तुकोगंजच्या दवाखान्यातल्या टेक्निशियनने मलाच बजावलं होतं. पाच सिकाया झाल्यावर आई कितीतरी दिवसांनी आडवी होऊन झोपली. मग नरकचतुर्दशीला पहाटे काकूने तिला पाटावर बसवलं. "आजची आंघोळ चुकवून कसं चालेल, वहिनी?" म्हणत ती तेल-उटणं चोळायला लागली. आईने माझ्याकडे पाहिलं. मी टॉवेल धरून दारात उभी होते, मोठ्यांना अडवायची मला सवय नव्हती. काकूचे तळहात जांभळे झाले, तेव्हा ती म्हणाली, "बघा, आजारपण कसं धुऊन निघतंय." सुट्टीनंतर टेक्निशियन चिडला, "किसने धो दिया?" आई म्हणाली, "मैंने ही, भिया. भूल गई." खुणा पुन्हा आखण्यासाठी नव्या स्कॅनची तारीख आठ दिवसांनंतरची मिळाली आणि सिकाई थांबली. तोवर ती पुन्हा उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायला लागली, आणि त्यानंतर कधीच आडवी झोपली नाही. काकू अजून दर दिवाळीला घरी कुटलेलं उटणं पाठवते. "पोचलं ना बेटा?" असं फोनवर विचारते, आणि मी म्हणते, "हो काकू, वास छान आहे."