बुजरी, पण भिडस्त नव्हे

आमच्या कवठे येमाईकडे ‘बुजरं’ हे विशेषण आधी जनावराला लागतं, मग माणसाला. मोटारसायकलच्या आवाजानं बैल मागं सरला की तो बुजरा. बाजारात त्याची किंमत उतरते. पाहुणे आले की दाराआड जाणारं पोरही बुजरंच. मुलगा असेल तर त्याची चेष्टा होते. लग्नाच्या मुलीला मात्र हाच शब्द गुण म्हणून लावतात. मध्यस्थ तो पाहुण्यांसमोर मुद्दाम उच्चारतो.

माझी धाकटी बहीण लहानपणापासून बुजरी. दुकानात गेली की बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाजूला उभी राहायची. एसटीत कुणी ओळखीचं भेटलं तर खिडकीबाहेर बघायची. तिनं शिरूरला नर्सिंगला प्रवेश घेतला तेव्हा ही पेशंटशी बोलणार कशी, असा प्रश्न घरात पडला. पहिली दोन वर्षं ती पास झाली, म्हणजे बोलत असावी, असा निष्कर्ष आम्ही काढला.

शेवटचं वर्ष उरलं असताना दौंडकडचं स्थळ आलं. मुलगा सणसवाडीत कंपनीत, घरचा ऊस. मध्यस्थ होते आईचे एक लांबचे मामा. आम्हीही त्यांना मामाच म्हणायचो. आई-वडिलांचं लग्नही त्यांनीच जुळवलेलं. चारचौघांत त्यांचा शब्द कुणी खोडत नसे.

मुलगा, त्याचे आई-वडील आणि आजोबा आले. पोहे झाले. बहीण खुर्चीवर येऊन बसली, मुलाच्या आईनं तिला कुंकू लावलं आणि मामांनी सुरुवात केली.

“पोरगी लई बुजरी हाय. वर मान करून बोलायची न्हाई.”

“बरंय की,” मुलाची आई म्हणाली. “आमच्यात बोलणाऱ्यांची कमी न्हाई.”

“आन् शिक्षणाचं?” आजोबांनी विचारलं. घरात त्यांना सगळे आबा म्हणत.

“ते सुटतंय आता,” मामा म्हणाले. “लगीन यंदाच उरकून टाकू. घरात कुणाला सुई टोचण्यापुरतं आलंय, बास झालं.”

सगळे हसले. पण घरात हे ठरलंच नव्हतं. राहिलेलं वर्ष पुरं करायचं आणि नोकरी करायची, असं बहिणीनं सांगितलं होतं आणि वडिलांनी ते मान्य केलं होतं. आता वडील पानाच्या तबकाकडे बघत होते. आई पदर सारखा करत होती. पुढाऱ्यांना प्रश्न विचारणं ही माझी नोकरी. मीही गप्प होतो. मामांनी सुपारी उचलली. ती फुटली की शब्द दिला गेला आणि तो मोडणं म्हणजे दोन्ही घरांची शोभा.

बुजरा माणूस माणसांना बिचकतो. भिडस्त माणसाला समोरच्याचं मन मोडवत नाही. बोलताना लोक या दोन्हींना एकच समजतात. त्या ओसरीवर आम्ही सगळे चांगले धीट होतो आणि सगळे भिडस्त होतो.

“मामा, सुपारी ठेवा,” बहीण म्हणाली.

मान खालीच होती. आवाज इतका बारीक की आबांनी हात कानाशी नेला. “काय म्हणली?”

“माझं एक वर्ष राहिलंय. ते पुरं करणार. नंतर नोकरी करणार. पटत असंल तर फोडा.”

मामा हसले. “ल्हान हाय अजून. मनावर घेऊ नका.”

“न्हाई मामा. ठेवा ती.”

मामांनी सुपारी तबकात ठेवली.

“मला चालंल,” मुलगा म्हणाला.

“तुला कोण विचारतंय, गप बस.” आबा बहिणीकडे वळले. “पोरी, आमच्या घरात सगळी एकदमच बोलत्यात. तुझा एवढासा आवाज ऐकू कसा यायचा?”

“सगळ्यांचं होऊस्तवर थांबीन. मग बोलंन.”

आधी आबा हसले, मग त्यांची सून. “मामा,” आबा म्हणाले, “पुढल्या साली फोडू. तवर जपून ठेवा.”

पुढल्या साली ती शेवटच्या वर्षाला पास झाली आणि मगच सुपारी फुटली. आता ती दौंडला एका दवाखान्यात नर्स आहे. अजूनही बुजरीच आहे. परवा मी गेलो तेव्हा चहा देऊन ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. तेवढ्यात शेजारच्या बाई इंजेक्शनची बाटली घेऊन आल्या. डॉक्टरची चिठ्ठी नव्हती.

“दे की टोचून, घरचीच हाय मी,” बाई म्हणाल्या. घरातलेही म्हणाले, दे.

“चिठ्ठी आणा, लगेच देते,” बहीण फरशीकडे बघत म्हणाली. बाईंनी पुन्हा गळ घातली. तिनं तेच वाक्य तेवढ्याच हळू पुन्हा म्हटलं.

“दिसती केवढी बुजरी, आन्...” बाई पुटपुटल्या.

“बुजरीच हाय,” तिची सासू म्हणाली. “पण भिडंला पडायची न्हाई.” आणि स्वतःच जाऊन बाईंसाठी चहा टाकला.

आमच्या घरातल्या कुणाबद्दल असं वाक्य याआधी बोललं गेलेलं नाही. मी ते त्याच दिवशी आईला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. तिनं ते पुन्हा एकदा सांगायला लावलं आणि मग वडिलांना हाक मारली.